गाठोड्याची वाट मोकळी करा



वऱ्हाडातल्या खेड्यांतून शिकून अमेरिकेत नोकरीला गेलेली पोरे आता थोडीथोडकी नाहीत. दसरा झाला की त्यांच्या आया चकलीची भाजणी भाजतात, अनारशाचे तांदूळ भिजत घालतात आणि फराळाचा डबा बांधून टपालाने रवाना करतात. २०२५ साली तो डबा वेळेवर निघू शकला नाही. अमेरिकेच्या सरकारने २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलांना असलेली करमाफी काढून घेतली. कर कोणी गोळा करायचा आणि कुठे भरायचा, याचा पत्ता माल नेणाऱ्या विमान कंपन्यांना नव्हता. त्यांनी हात वर केले. आपल्या टपाल खात्याला २५ ऑगस्टपासून अमेरिकेची पार्सले घेणे थांबवावे लागले. घरच्यांनी घरच्यांना पाठवलेल्या १०० डॉलरपर्यंतच्या भेटीला माफी होतीच. म्हणजे फराळाचा डबा कागदावर मोकळा होता. पण न्यायला कोणी तयार नाही तर माफी काय चाटायची? ऑगस्ट संपता संपता भेटीच काय, साधी पत्रे घेणेही थांबले. टपाल पुन्हा सुरू झाले १५ ऑक्टोबरला, दिवाळी दारात आली तेव्हा.

आता त्याच दिवसांत आपल्या बंदरांवर काय चालले होते ते पाहा. परदेशी कापसावर फेब्रुवारी २०२१ पासून उपकरांसह ११ टक्के आयातकर होता. १९ ऑगस्ट २०२५ रोजी सरकारने तो शून्यावर आणला. आधी मुदत ३० सप्टेंबरपर्यंतची होती, मग ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. आपण सीतादही करून पहिल्या वेचणीला हात घालतो तो हाच काळ. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झालेला आणि खुल्या बाजारात भाव त्याच्या खाली. सरकारी खरेदीला न्यावा तर ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला म्हणून बंडी परत.

फराळाचा डबा अडला आणि कापसाचे जहाज सुटले. दोन सरकारे वेगळी, दोन नाके वेगळे. अमेरिकेच्या नाक्यावर दिल्लीचे चालत नाही, हे आम्हालाही कळते. तरी दोन्ही ठिकाणी एकच न्याय दिसतो. ज्याचे गाठोडे लहान त्याची अडवणूक मोठी. ज्याचा माल जहाजभर त्याच्यासाठी रातोरात अधिसूचना निघते. आमचे म्हणणे एवढेच आहे की हा न्याय उलटा आहे आणि तो सुलटा करता येतो. त्यासाठी नाके कसे चालतात ते आधी समजून घेऊ.

काटेरी कुंपण

नाका ही काही आजची गोष्ट नाही. इंग्रजांच्या काळात या देशाच्या मधोमध एक जकातीची रेषा होती. सिंधू नदीपासून महानदीपर्यंत, १८६९ साली तिची लांबी २,३०० मैल भरली होती आणि राखणीला जवळजवळ १२,००० माणसे होती. पश्चिमेकडून येणाऱ्या मिठावर आणि उलट दिशेने जाणाऱ्या साखरेवर कर घ्यायचा, हे तिचे काम. नुसत्या चौक्या पुरेनात म्हणून रेषेवर कुंपण लावले. बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग, जी काटेरी झाडे आपण धुऱ्यावर लावतो तीच लावून शेकडो मैलांची हिरवी भिंत उभी केली. या कुंपणाचे दक्षिणेकडचे टोक बुऱ्हाणपूरला होते. मेळघाटातून धारणीच्या पुढे गेले की बुऱ्हाणपूर. म्हणजे ती भिंत आपल्यापासून फार दूर नव्हती. ते कुंपण वाढवण्यात ज्याचा मोठा हात होता तो अधिकारी ॲलन ह्यूम. पुढे १८८५ साली काँग्रेस स्थापन करणाऱ्यांत हाच ह्यूम होता.

गडगंज सावकार काही मजुरापेक्षा दहापट मीठ खात नाही. दोघांच्या भाकरीला मीठ सारखेच लागते. म्हणून मिठावरचा कर हा गरिबावरचा कर. १८७९ साली ती रेषा उठली, माणसे घरी गेली, कुंपण वाळून गेले. मग काय मिठावरचा कर गेला? नाही. राजस्थानातल्या सांभरसारखी मिठागरे इंग्रजांनी आधीच ताब्यात घेतली होती. जिथे मीठ पिकते तिथेच कर घेता येऊ लागला, मग कुंपणाचा खर्च कशाला करायचा? यातून शिकण्यासारखी गोष्ट अशी : नाका उठला म्हणजे अडवणूक उठली असे समजू नये. ती कुठे जाऊन बसली ते शोधावे.

दुसरा दाखला आपल्या कापसाचा. १८९६ साली इंग्रज सरकारने बाहेरून येणाऱ्या कापडावर साडेतीन टक्के आयातकर ठेवला. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी ओरड केली. मग समतोल साधायचा म्हणून मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांत विणलेल्या देशी कापडावरही साडेतीन टक्के कर बसवला. आपल्याच देशात पिकलेल्या कापसाचे आपल्याच देशात विणलेले कापड, पण त्यालाही परदेशी मालासारखा कर! तो १९२५ च्या डिसेंबरपर्यंत चालू होता. नाका कुणाच्या सोयीने उघडायचा आणि कुणाच्या सोयीने मिटायचा, हे तेव्हा मँचेस्टरात ठरत होते.

आमचाच कापूस, आमच्यावरच नाका

इंग्रज गेले. पण वऱ्हाडच्या कापसाला स्वराज्यातही नाका सुटला नाही. १९७१ चा कायदा आणि १९७२-७३ चा हंगाम. महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. कापूस पिकवायचा आपण आणि विकायचा फक्त सरकारी यंत्रणेला. १९८४ पासून हे काम कापूस उत्पादक पणन महासंघाकडे आले. व्यापाऱ्याच्या लुटीतून शेतकरी सोडवायचा, हा सांगितलेला हेतू. काही वर्षी भावाची हमी उपयोगी पडली, हे आम्ही नाकारत नाही. पण ज्या वर्षी शेजारच्या राज्यात भाव चढा असे, त्या वर्षी हीच योजना दावणीचे दावे होऊन बसे. संकलन केंद्रावर बंड्यांच्या रांगा, ग्रेडरची मर्जी, चुकाऱ्यासाठी महिनोन्‌महिने हेलपाटे. आणि कापूस राज्याबाहेर नेला तर गुन्हा.

वरूडच्या शेतकऱ्याला पांढुर्णा जवळ. पण मधे राज्याची सीमा. पलीकडे भारतच, रुपयाही तोच. तरी चार क्विंटल कापूस पलीकडे नेला की आपण तस्कर. आमच्यातल्या जुन्या मंडळींना त्या रात्री अजून आठवतात. बैलांच्या गळ्यातली घुंगरे काढून ठेवायची, कंदील मालवायचा, धुऱ्याधुऱ्याने बंडी हाकायची. एका नाक्यावर आमच्यातल्या एकाची बंडी धरली. रात्रभर त्याला कापसाच्या ढिगाशेजारी बसवून ठेवले. त्याच रात्री त्याच्या डोळ्यांदेखत कापसाने भरलेले ट्रक त्याच नाक्यावरून पलीकडे गेले. कोणता नाका आणि कोण शिपाई, हे आता उगाळण्यात अर्थ नाही. अर्थ आहे तो त्याने सकाळी घरी येऊन सांगितलेल्या गोष्टीत. तो म्हणाला, “बावा, आपली चूक एकच. आपला माल कमी होता.”

याच कापसाच्या भावासाठी रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर १० डिसेंबर १९८६ रोजी हिंगोलीजवळ सुरेगावला गोळीबार झाला आणि तीन शेतकरी बळी गेले. ती माणसे काही सरकारी तिजोरी मागत नव्हती. पुढे २००२ च्या सुमारास खासगी खरेदीला मोकळीक मिळाली आणि एकाधिकार संपला. आज वरूडचा कापूस पांढुर्ण्याला नेला तर कोणी हातकड्या घालत नाही. एवढे मिळवायला तीस हंगाम गेले.

नाका गेला, कागद आला

शहरांच्या वेशीवरचे जकात नाकेही गेले. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये उठली. महानगरपालिकांतून ती टप्प्याटप्प्याने गेली आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा उरलीसुरली संपली. सारा देश एक बाजार झाला, असे सांगितले गेले. मोठ्या मालापुरते ते खरे आहे. नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागत त्या कमी झाल्या, याचा आम्हाला आनंदच आहे. पण मिठाच्या कराची गोष्ट आठवा आणि विचारा, अडवणूक कुठे जाऊन बसली?

ज्वारीचेच उदाहरण घेऊ. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष होते आणि ते आपल्याच देशाच्या पुढाकाराने साजरे झाले. ज्वारी खा, ज्वारीचे पदार्थ करा, बायकांच्या बचत गटांनी पाकिटे करून विका, असा उपदेश गावोगाव झाला. गटांनी तो मनावर घेतला. ज्वारीचे पीठ दळले, पाकिटात भरले, वर नाव आणि वजन छापले. आता कायदा पाहा. सुटे पीठ करमुक्त. तेच बंद पाकिटात नाव छापून विकले की ५ टक्के कर. तरी राज्यातल्या राज्यात वर्षाला ४० लाखांपर्यंतची विक्री असेल तर नोंदणीची सक्ती नाही. म्हणजे अमरावतीच्या गटाने हे पाकीट थेट मुंबईला विकले तरी नोंदणी लागत नाही.

पण तेच पाकीट वरूडहून पांढुर्ण्याच्या दुकानदाराला विकायचे म्हटले तर? २०१७ च्या कायद्याचे २४ वे कलम म्हणते, करपात्र माल राज्याबाहेर विकणाऱ्याला नोंदणी सक्तीची. किती रुपयांपासून? पहिल्या रुपयापासून. ४० लाखांची मर्यादा तिथे चालत नाही. लहान व्यापाऱ्यांसाठी सोपी कर-योजना आहे, तीही राज्याबाहेर माल विकणाऱ्याला घेता येत नाही. आणि एकदा नोंदणी झाली की गावातल्या गावात विकलेल्या पाकिटावरही कर आला.

हिशेब मांडू. समजा, गटाने पांढुर्ण्याला महिन्याला ५० पाकिटे विकली. एकाला ६० रुपये धरले तर ३,००० रुपयांचा माल. त्यावर ५ टक्के कर म्हणजे १५० रुपये. हे १५० रुपये सरकारला पोचवायचे तर नोंदणी, बिलाची वही, संगणकावर भरायची विवरणपत्रे. हे काम गटातल्या बाईला येत नाही, म्हणून शहरातला हिशेबनीस धरायचा. त्याने महिन्याला ५०० रुपये घेतले तरी बाई काय विचारील? सरकारला दीडशे पोचवायला मी पाचशे घालवू? त्यापेक्षा पांढुर्णाच नको. कोणी तिला अडवले नाही. नाक्यावर शिपाई नाही, दांडका नाही, काटेरी कुंपण नाही. तरी पाकीट सीमा ओलांडत नाही.

लहान मालाला वेगळा नियम हवा, हे सरकारला कळत नाही असे नाही. ५०,००० रुपयांच्या आतला साधा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेताना ई-वे बिल लागत नाही. शेतातला माल जसाच्या तसा विकणाऱ्या शेतकऱ्याला नोंदणीच्या सक्तीतून वगळले आहे. हे नियम शहाणपणाचे आहेत. कापूस विकणारा शेतकरी सुटला, मग त्याचीच बायको ज्वारी दळून विकते तेव्हा ती का अडकते? जोवर शेतकरी कच्चा माल विकतो तोवर तो मोकळा. त्याने दळले, भरले, नाव छापले आणि चार पैसे जास्त मिळवायची वेळ आली की कागदाचे कुंपण. कच्चा माल स्वस्तात आमच्याकडून जावा आणि पक्क्या मालाचा नफा दुसरीकडे राहावा, ही रीत काही नवी नाही.

मर्यादा पाकिटाला नको, माणसाला हवी

कोणी म्हणेल, लहान पार्सलांना सूट दिली की लबाड माणसे मोठा माल कापून लहान करतात. हे खोटे नाही. अमेरिकेत झाले ते हेच. ८०० डॉलरची माफी २०१६ पासून होती. चीनमधल्या बड्या कंपन्यांनी त्यातून रस्ता काढला. गोदामभर माल एकेका गिऱ्हाइकाच्या नावाने वेगवेगळ्या पाकिटात घालून पाठवायचा. २०२४ च्या आर्थिक वर्षात अशी १३६ कोटी पाकिटे अमेरिकेत करमाफीने आत गेली. तिथले दुकानदार आणि कारखानदार ओरडले, चुकीचा माल येतो म्हणून पोलीसही ओरडले. युरोपातल्या देशांनीही १५० युरोंच्या आतल्या पार्सलांची सीमाशुल्कातली सूट काढायचे २०२५ मध्ये ठरवले. त्यांची तक्रार खरी आहे.

पण उपाय काय केला? चोराला बांधायचे म्हणून सगळ्या गावाला दावे लावले. कंपनीची कोट्यवधी पाकिटे आणि आईचा एक डबा, दोघांना एकच नियम. कंपनीला त्याची झळ कमी लागते. तिच्याकडे वकील असतात, हिशेबनीस असतात, दुसऱ्या देशात गोदाम बांधायला भांडवल असते. डबा पाठवणाऱ्या आईकडे फक्त टपाल कचेरीची खिडकी. १५ ऑक्टोबर २०२५ ला टपाल सुरू झाले तेव्हा विकायच्या मालावर किमतीच्या निम्मा, म्हणजे ५० टक्के कर इथेच भरून घेण्याची सोय झाली होती. आपल्याकडच्या लहान कारागिराने १,००० रुपयांची वस्तू पाठवली तर ५०० रुपये कर. कागद सोपा झाला, पण कर तसाच राहिला.

म्हणून आम्ही म्हणतो, मर्यादा पाकिटाच्या किमतीवर ठेवू नका. पाकिटे कापून लहान करता येतात. मर्यादा पाठवणाऱ्याच्या वर्षाच्या उलाढालीवर ठेवा. कितीही पाकिटे केली तरी बड्या कंपनीची उलाढाल लपत नाही आणि बचत गटाची फुगत नाही. आपल्या देशाच्या आत हे उद्या करता येईल, कारण ४० लाखांची मर्यादा राज्याच्या आत चालतेच आहे. तीच सीमेपलीकडे चालवायची आहे. बाहेरच्या देशांशी करार होतात तेव्हा आपले सरकार मोठ्या मालाच्या याद्या घेऊन बसते. त्या यादीच्या तळाशी गाठोड्याचीही एक ओळ असावी.

खुला बाजार मागणारे आयातकर कसा मागतात?

आता आमच्यावर उलटणारा प्रश्न. तो दुसऱ्याने विचारण्याआधी आपणच विचारून घेऊ. तुम्ही खुल्या बाजाराचे लोक. डंकेल प्रस्तावावरून देशात रान उठले होते तेव्हा शरद जोशींनी खुल्या व्यापाराची बाजू घेतली, त्यासाठी शिव्या खाल्ल्या. आणि आता परदेशी कापसावरचा कर उठवला म्हणून तुम्हीच बोंब मारता?

प्रश्न रास्त आहे, उत्तरही सरळ आहे. खुला बाजार म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडे दार. आमच्या वाट्याला आलेले दार कसे आहे ते पाहा. एप्रिल २०१० मध्ये जगात कापसाचा भाव चढत होता, तेव्हा सरकारने निर्यातीवर टनामागे २,५०० रुपये कर बसवला आणि त्याच महिन्यात नवी निर्यात नोंदणीच थांबवली. ५ मार्च २०१२ रोजी निर्यातीवर सरळ बंदी घातली, आरडाओरड झाल्यावर आठवडाभरात पाऊल मागे घेतले. एप्रिल २०२२ मध्ये भाव चढा होता तेव्हा आयातकर उठवला, तो ऑक्टोबर संपेपर्यंत. ऑगस्ट २०२५ मध्ये भाव पडलेला होता, तेव्हाही उठवला. भाव चढला तर आमचा माल बाहेर जाऊ द्यायचा नाही, भाव पडला तरी बाहेरचा माल आत घ्यायचा. याला खुला बाजार म्हणत नाहीत. मांजर आत यावे आणि उंदराने बाहेर पडू नये, असे हे दार आहे.

दुसरे असे की बाहेरून येणारा कापूस काही निव्वळ घामावर पिकलेला नसतो. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना सरकारी मदत देते. त्याविरुद्ध ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली, खटला जिंकला आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर घेऊन तडजोड केली. ज्या मदतीने भाव पडतो ती मदत चूक, हे जगाच्या पंचायतीत ठरलेले आहे. अशा कापसाशी कोरडवाहू शेतकऱ्याने उघड्या मैदानात कुस्ती खेळावी, पण त्याचे हात मागे बांधलेले असावेत, याला आम्ही न्याय म्हणणार नाही.

गिरणीवाल्यांची अडचण आम्हाला कळते. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के कर लावला, कापडाच्या मागण्या रद्द होऊ लागल्या, कामगारांच्या पोटावर पाय आला. पण ज्या गिरण्या परदेशी विकायचा माल करतात त्यांना त्यासाठीचा कापूस करमुक्त आणण्याची सोय आधीपासूनच होती. त्यांच्या मदतीला सरकारने तिजोरी उघडली असती तर आम्ही ब्र काढला नसता. वॉशिंग्टनने मारलेली थप्पड दिल्लीने चुकवली आणि ती लागली अकोटच्या शेतकऱ्याच्या गालावर, एवढीच आमची तक्रार आहे.

कर किती असावा यावर आपल्यातही दोन मते असतील. ती बैठकीत मांडा. आमचा आग्रह आकड्यापेक्षा वेळेवर आहे. सरकी जमिनीत टाकताना जो नियम होता तो कापूस घरात येईपर्यंत टिकला पाहिजे. पेरताना एक खेळ आणि वेचताना दुसरा, हे चालणार नाही.

बैठकीपुढे ठेवायचे ठराव

तालुका आणि जिल्हा बैठकांत पुढील तीन ठराव चर्चेला घ्यावेत, अशी आमची विनंती आहे.

१. कापसाच्या आयातीवरील कर आणि निर्यातीवरील बंधने यांचा निर्णय मृग नक्षत्राआधी जाहीर करावा आणि तो पुढच्या मृगापर्यंत बदलू नये. निर्यातबंदी कोणत्याही कारणाने घालू नये.

२. वस्तू व सेवा कराच्या कायद्यातील २४ व्या कलमाची सक्ती लहान उत्पादकांना लावू नये. राज्याच्या आत नोंदणीसाठी जी उलाढालीची मर्यादा आहे, तीच मर्यादा राज्याबाहेरच्या विक्रीला लागू करावी.

३. परदेशांशी व्यापाराच्या वाटाघाटी करताना घरगुती भेटींची पार्सले आणि लहान उत्पादक व कारागिरांचा टपालाने जाणारा माल यांना सूट मिळवण्याचा मुद्दा सरकारने मांडावा. नियम बदलला तर त्याची माहिती मराठीतून प्रत्येक टपाल कचेरीच्या फळ्यावर लागावी.

एक काम मात्र ठरावाआधीच करायचे आहे. आपल्या गावातल्या बचत गटांना विचारा, राज्याबाहेर माल पाठवायचा प्रयत्न कोणी केला होता का आणि तो कशात अडला. सरकार म्हणेल, अशी तक्रार आमच्याकडे आलेलीच नाही. न येणारच. जो नाक्यापर्यंत पोचलाच नाही त्याची नोंद नाक्याच्या वहीत कुठून असणार? ती वही आपल्याला लिहावी लागेल. गावागणिक एक पान करा : कोणता माल, कुठे पाठवायचा होता, किती रुपयांचा, कशापायी राहिला. ती पाने घेऊनच जिल्हा बैठकीला या.

बैलांची घुंगरे काढून रात्री बंडी हाकायचे दिवस आपल्या बापांनी संपवले. लेकीबाळींच्या पिठाच्या पाकिटाला दिवसाउजेडी सीमा ओलांडता यावी, एवढे काम आपल्या वाट्याला आले आहे.